एक शब्द, अनेक अर्थ, समोरासमोरचे दोन वर्ग: समरकंदमधले एक प्रकरण

परिस्थिती

वैद्यकीय शिक्षणासाठी उझबेकिस्तानात जाणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांचा समरकंदकडे मोठा ओढा आहे, आणि त्यांत महाराष्ट्रातली मुलेमुलीही आहेत. व्याख्याने इंग्रजीतून होतात. खाटेवरचा रुग्ण मात्र उझबेक बोलतो, समरकंदमध्ये कित्येकदा ताजिक, आणि दोन्हींत रशियन शब्द सर्रास मिसळलेले असतात. म्हणून अशा ठिकाणच्या भाषा विभागात दोन उलट्या दिशांचे वर्ग भरतात. एका वर्गात उझबेक घरांतली मुले वैद्यकीय इंग्रजी शिकतात, समोरच्या वर्गात भारतीय मुले रुग्णाशी बोलण्यापुरती उझबेक शिकतात. पहिला मोठा घटक दोघांचाही एकच असतो: शरीर, तक्रार, तपासणी. दोघांचेही घोडे नव्या शब्दांवर फारसे अडत नाही, ते अडते आधीच येणाऱ्या शब्दांवर.

इथे मांडलेले वर्ग कोणा एका संस्थेचे नाहीत. अशा वर्गांत पुन्हापुन्हा भेटणारी परिस्थिती एकत्र धरून, अनेकार्थी शब्दांचा सहा आठवड्यांचा घटक कसा बांधावा आणि तो कुठे ढासळतो हे दाखवण्यासाठी हे प्रकरण उभे केले आहे. उदाहरणे दोन्ही भाषांच्या रोजच्या वापरातली आहेत.

उझबेक शब्द देवनागरीत लिहिताना एक सोय आपल्याकडे आयती आहे. उझबेकमध्ये ‘ऑ’ आणि ‘ओ’ हे दोन वेगळे स्वर आहेत आणि अर्थ त्यांवर फिरतो. ‘ऑत’ म्हणजे घोडा, ‘ओत’ म्हणजे गवत. खाली हा फरक कटाक्षाने पाळला आहे.

दोन्ही वर्गांची सुरुवात कुठून होते

इंग्रजी वर्गातली मुले भाषा किती येते ते मोजणाऱ्या युरोपीय मोजपट्टीवर (ए-१ ही सर्वांत खालची पायरी, सी-२ सर्वांत वरची) बी-१ पातळीची. डिसेंबर २०१२ च्या राष्ट्राध्यक्षांच्या ठरावानंतर २०१३-१४ पासून उझबेकिस्तानात परकी भाषा पहिलीपासून शिकवली जाते, म्हणजे या मुलांच्या मागे दहाएक वर्षांचे शालेय इंग्रजी आहे. ‘हेड’, ‘हार्ड’, ‘हेवी’, ‘पाम’, ‘प्युपिल’ त्यांना लहानपणापासून येतात. रुग्णाच्या टिपणात ‘प्युपिल’ आला की त्यांना विद्यार्थी दिसतो, डोळ्यातली बाहुली दिसत नाही. ‘काफ’ म्हणजे त्यांच्या लेखी वासरू, पोटरी नव्हे. ‘स्टूल’ म्हणजे बसायचे स्टूल, आणि ‘स्टूल सँपल’ वाचून ते क्षणभर थांबतात. ‘डिस्चार्ज फ्रॉम द इअर’ आणि ‘डिस्चार्ज फ्रॉम द हॉस्पिटल’ यांची रचना एकसारखी दिसते. पहिल्यात कानातून स्राव येतो आहे, दुसऱ्यात रुग्ण घरी जातो आहे.

बोलतानाच्या चुका वेगळ्या वळणाच्या. ‘हेवी पेशंट’, ‘ड्रिंक अ टॅब्लेट’, ‘स्पीक हार्ड’, ‘ॲट द हेड ऑफ द इयर’. यांतली एकही चूक अंधारात मारलेला बाण नाही. उझबेकमध्ये अत्यवस्थ रुग्णाला ‘ऑगिर बेमॉर’ म्हणतात, आणि ‘ऑगिर’ म्हणजे जड. गोळीसुद्धा ‘इचमॉक’, म्हणजे पिणे, या क्रियापदानेच घेतली जाते. ‘कात्तिक’ म्हणजे कठीण, आणि ‘कात्तिक गापिरिंग’ म्हणजे मोठ्याने बोला. ‘यिल बॉशी’ म्हणजे वर्षाचा आरंभ, शब्दशः वर्षाचे डोके. मूल आपल्या भाषेतला अर्थांचा सगळा गुच्छ उचलून इंग्रजी शब्दावर ठेवते आहे, आणि गुच्छातले एक-दोनच अर्थ तिथे बसतात.

उझबेक वर्गातली भारतीय मुले ए-१ संपवून ए-२ कडे निघालेली. त्यांच्यात मराठी, हिंदी, तेलुगू, मल्याळम बोलणारे सगळे मिसळलेले. त्यांची अडचण ऐकण्यात जास्त आहे. ‘कोलिम चिकदी’ असे रुग्ण म्हणतो. ‘कोल’ म्हणजे हात आणि ‘चिकमॉक’ म्हणजे बाहेर निघणे इतके यांना येते, म्हणून ‘माझा हात बाहेर निघाला’ असे काहीतरी मनात उमटते. रुग्ण सांगतो आहे की हात निखळला. ‘इचिम केत्याप्ती’ म्हणजे शब्दशः ‘माझे आतले जाते आहे’, आणि रुग्णाला जुलाब होत आहेत.

सगळ्यात धोक्याची जागा म्हणजे ओळखीचा शब्द. ‘जावॉब’ हा शब्द हिंदी-मराठीतल्या जवाब-जबाबाचाच. ‘कासालखॉनादान जावॉब बेरिशदी’ हे वाक्य हिंदी कानाने ऐकले, तर ‘डॉक्टरों ने जवाब दे दिया’ आठवते, म्हणजे आशा सोडली. उझबेक वाक्याचा अर्थ आहे ‘रुग्णालयातून सुट्टी मिळाली’. ‘जावॉब’चा तिथला एक अर्थ जाण्याची परवानगी असा आहे. शिक्षकाने वर्ग सोडला तरी हेच क्रियापद चालते. बरा होऊन घरी आलेल्या माणसाबद्दल ऐकून विद्यार्थ्याचा चेहरा उतरावा, इतका हा उलटा अर्थ आहे.

निदान चाचणी

घटकाच्या आधी २० मिनिटांची एक चाचणी द्यावी. वाक्ये १२. त्यांतल्या ६ वाक्यांत ओळखीचा शब्द अनोळखी अर्थाने, ४ वाक्यांत ओळखीचा शब्द ओळखीच्याच अर्थाने, आणि २ वाक्ये दिसायला अवघड पण शब्दाचा अर्थ साधाच. ही शेवटची दोन वाक्ये गाळू नयेत. ती नसली की हुशार मुले ‘इथे प्रत्येक शब्दाचा वेगळाच अर्थ असणार’ असे गृहीत धरतात आणि चाचणी निकामी होते.

प्रत्येक वाक्यासाठी विद्यार्थी दोन गोष्टी लिहितो: शब्दाचा अर्थ स्वतःच्या भाषेत, आणि तो अर्थ वाक्यातल्या कोणत्या दुसऱ्या शब्दामुळे किंवा प्रत्ययामुळे कळला. दुसरा रकाना पहिल्याहून मोलाचा आहे. अर्थ चुकला आणि दुसरा रकाना कोरा राहिला, तर मुलाने वाक्याकडे पाहिलेच नाही, ओळखीचा अर्थ चिकटवून पुढे गेला. मार्शा बेन्सुसान आणि बात्या लाउफर यांनी १९८४ मध्ये इंग्रजी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या अंदाजांवर केलेल्या अभ्यासात नेमकी हीच गोष्ट पुढे आली: अनेकार्थी शब्दाचा एक अर्थ माहीत असला की संदर्भ विरोधात असूनही विद्यार्थी तोच धरून बसतो. ‘संदर्भावरून ओळखा’ ही सूचना इथे लागू पडत नाही त्याचे कारण हेच आहे. आपल्याला काही ओळखायचे बाकी आहे हेच मुलाला जाणवलेले नसते.

अर्थांची वर्गवारी

शब्दकोशातले आठ-दहा अर्थ फळ्यावर उतरवून देणे ही सर्वांत रूढ पद्धत, आणि आमच्या मते सर्वांत वाया जाणारी. त्याऐवजी शिक्षकाने घरी बसून प्रत्येक अर्थ वेगळा सुटा करावा आणि शिकणाऱ्याच्या भाषेशी ताडून चार रंगांच्या कार्डांवर घ्यावा. हिरवे कार्ड म्हणजे दोन्ही भाषांत तोच अर्थ त्याच शब्दाने. पिवळे म्हणजे अर्थ सहज समजतो, पण दुसऱ्या भाषेत शब्द वेगळा. लाल म्हणजे समजतही नाही आणि शब्दही वेगळा. पांढरे म्हणजे हा मुळात दुसराच शब्द आहे, फक्त रूप सारखे. उझबेक शाळेत या शेवटच्या प्रकाराला ‘शाक्लदॉश सोझ’ म्हणतात आणि पहिल्या तिघांना ‘कोप मानॉली सोझ’. हा भेद उझबेक मुलांना मातृभाषेच्या तासाला शिकवलेला असतो, त्यामुळे इंग्रजी वर्गात तो नव्याने समजवावा लागत नाही, आठवण करून दिली की पुरते.

‘बॉश’ आणि ‘हेड’ हे जोडपे घेऊन पाहू. शरीराचा भाग: हिरवे. मेंढ्यांची, गुरांची संख्या मोजताना ‘युझ बॉश कोय’ आणि इंग्रजीतही शंभर ‘हेड’: हिरवे, फक्त इंग्रजीत तिथे अनेकवचनाचा प्रत्यय लागत नाही ही खूण कार्डावर हवी. कोबीचा गड्डा ‘बिर बॉश कराम’, इंग्रजीतही ‘हेड’: हिरवे. द्राक्षांचा घड ‘बिर बॉश उझुम’, इंग्रजीत ‘बंच’: पिवळे. वर्षाचा आरंभ: पिवळे. अंगठा ‘बॉश बारमॉक’, इंग्रजीत स्वतंत्रच शब्द: पिवळे. मुख्य डॉक्टर ‘बॉश शिफॉकॉर’, इंग्रजीत ‘चीफ’. पण विभागप्रमुख ‘बोलिम बॉशलिगी’ आणि इंग्रजीत ‘हेड’च, म्हणजे एकाच अर्थक्षेत्रात एक कार्ड पिवळे, एक हिरवे. फारसीतल्या ‘सर’चे हेच झाले. डोक्यावरून तो प्रमुखाकडे गेला आणि मराठीत सरदार, सरलष्कर, सरनोबत ठेवून गेला. मराठी विद्यार्थ्याला ‘बॉश’चा मुख्य हा अर्थ समजावताना याचा खरोखर उपयोग होतो.

पिवळ्या कार्डांकडे सर्वाधिक लक्ष द्यावे. वाचताना ती कुणालाच अडवत नाहीत, म्हणून शिक्षकही त्यांवरून पुढे जातो. बोलण्या-लिहिण्यातल्या बहुतेक चुका मात्र तिथूनच येतात. ‘हेवी पेशंट’ हे पिवळे कार्ड आहे. ‘ऑचिक रांग’, शब्दशः उघडा रंग, म्हणजे फिका रंग, हेही पिवळेच.

चिकमॉक: एक तास सविस्तर

उझबेक वर्गासाठी पहिला शब्द म्हणून ‘चिकमॉक’ घ्यावा. रुग्णालयात तो दिवसभर कानावर पडतो, आणि त्याचे अर्थ विभक्ती प्रत्ययांवरून आणि सोबतच्या नामावरून स्वच्छ वेगळे करता येतात. विद्यापीठातला तास तिथे साधारण ८० मिनिटांचा असतो. त्याची विभागणी अशी ठेवता येते.

पहिली १० मिनिटे फक्त ऐकणे. शिक्षक सहा वाक्ये दोनदा म्हणतो. ‘उयदान चिकदी’, घरातून निघाला. ‘तॉमगा चिकदी’, छपरावर चढला. ‘कासालखॉनादान चिकदी’, रुग्णालयातून घरी गेला. ‘इस्सिगी चिकदी’, ताप चढला. ‘तॉश्मा चिकदी’, पुरळ उठले. ‘कोली चिकदी’, हात निखळला. विद्यार्थी अर्थ लिहीत नाहीत. ‘चिकदी’च्या आधी काय ऐकू आले तेवढेच लिहितात: ‘-दान’, ‘-गा’, की प्रत्ययाशिवाय नाम.

पुढची २० मिनिटे चौकट बांधण्याची. फळ्यावर तीन रकाने. ‘-दान’ लागलेले नाम असेल तर कर्ता तिथून बाहेर येतो. ‘-गा’ लागलेले असेल तर तो तिथे जातो, या वाक्यांत वर. यांपैकी काहीच नसेल आणि नाम शरीराशी निगडित असेल, तर जे आत किंवा जागेवर होते ते उघड झाले: ताप, पुरळ, दात, निखळलेले हाड. सगळ्या अर्थांच्या मुळाशी ‘आतून बाहेर, खालून वर’ ही एकच हालचाल आहे. ती रेषांनी काढून दाखवावी, पण सहाही वाक्ये ऐकून झाल्यावर. आधी दाखवली तर मुले सहा वाक्ये ऐकत नाहीत, चित्र ऐकतात. ‘तुरमुशगा चिकदी’ म्हणजे मुलीचे लग्न झाले. हा वाक्प्रचार या तासाला आणू नये, कारण ‘-गा’ असूनही तिथे वर चढणे नाही, आणि कोवळी चौकट लगेच मोडते. तो चौथ्या आठवड्यात, स्वतंत्र.

मग २५ मिनिटे जोडीने काम. प्रत्येक जोडीला २४ पट्ट्या: सहा अर्थ, प्रत्येकी चार वाक्ये. जोडीने आधी प्रत्ययावरून गट पाडायचे, मग नामावरून उपगट, आणि सगळ्यात शेवटी अर्थ लिहायचा. क्रम उलटा झाला, म्हणजे आधी अर्थ लिहिला गेला, तर पट्ट्यांचा उपयोग संपला. शिक्षकाने फिरत राहून एवढेच पाहायचे.

पुढची १५ मिनिटे रुग्ण आणि डॉक्टर. रुग्णाच्या कार्डावर इंग्रजीत तक्रार: ताप चढला, पुरळ उठले, खांदा निखळला. त्याने ती उझबेकमध्ये सांगायची, डॉक्टरने एक नेमका प्रश्न विचारायचा: कधी, कुठे, किती दिवस. डॉक्टरने ‘सिझ’चीच, म्हणजे ‘तुम्ही’ची, आदरार्थी रूपे वापरायची, ‘गापिरिंग’ (बोला), ‘ऑचिंग’ (उघडा), ‘ऑलिंग’ (घ्या). समवयस्क वर्गमित्राशी बोलतानाही ही सवय मोडू देऊ नये, कारण रुग्णालयात आजीला एकेरी रूप गेले तर अर्थ बरोबर असूनही संवाद बिघडतो.

शेवटची १० मिनिटे कार्डे भरण्याची. एका कार्डावर एकच अर्थ. पुढे पूर्ण उझबेक वाक्य, मागे विद्यार्थ्याच्या स्वतःच्या भाषेतले वाक्य. सुटा शब्द कुठेच नाही. मराठी मुलांना इथे ‘निघणे’ मदतीला येते: घरातून निघाला, पुस्तक निघाले. उझबेकमध्येही ‘कितॉब चिकदी’. पण मराठीत ताप निघत नाही, चढतो, पुरळ उठते, हात निखळतो. हा ताळा प्रत्येकाने आपापल्या कार्डामागे घ्यावा, शिक्षकाने फळ्यावर नको. शेजारी बसलेल्या तेलुगू मुलाची जुळणी वेगळी पडणार आहे.

कात्तिक आणि ऑगिर

हे दोन शब्द दोन्ही वर्गांत उलटसुलट वापरता येतात, म्हणून त्यांना एकेक आठवडा दिला तरी चालेल. ‘कात्तिक ऑग्रियाप्ती’ म्हणजे जोरात दुखते आहे, ‘कात्तिक गापिरिंग’ म्हणजे जोरात बोला. मराठीतला ‘जोरात’ दोन्ही ठिकाणी चपखल बसतो आणि मराठी मुले हे क्षणात उचलतात. ‘कात्तिक नॉन’ला मात्र जोर संपतो, तो कडक झालेला पाव. इंग्रजी वर्गात याच तीन वाक्यांना तीन शब्द लागतात: दुखण्याला ‘बॅडली’ किंवा ‘सिव्हिअर’, बोलण्याला ‘लाउड’, पावाला ‘हार्ड’ किंवा ‘स्टेल’. ‘हार्ड’ या शब्दाचे कार्ड करण्यापेक्षा ‘पेन’ या शब्दासोबत कोणती विशेषणे बसतात याचे कार्ड केले, तर इंग्रजी वर्गातली चूक लवकर सुटते.

‘ऑगिर’चेही तसेच. गंभीर आजारी, ऐकायला कमी (‘कुलॉगी ऑगिर’, कान जड), आणि ‘ऑगिर-ऑयॉक’ म्हणजे गरोदर, शब्दशः जड पायांची. हिंदीतल्या ‘पाँव भारी’मुळे भारतीय मुले हे ऐकून खूश होतात. त्यांना सांगावे की रुग्णाच्या कागदावर ‘हॉमिलादॉर’ असेच लिहिलेले सापडेल.

सहायक क्रियापदे: मराठीचा खरा फायदा

भारतीय विद्यार्थ्यांच्या पाठ्यसामग्रीत हा भाग बहुधा इंग्रजीतून समजावलेला असतो आणि म्हणून नाहक अवघड होतो. उझबेकमध्ये घेणे, देणे, ठेवणे, टाकणे, बघणे ही क्रियापदे दुसऱ्या क्रियापदामागे लागून आपला मूळ अर्थ पातळ करतात. मराठीत हीच व्यवस्था आहे. ‘यॉझिब ऑलिंग’, लिहून घ्या. ‘यॉझिब बेरिंग’, लिहून द्या. ‘यॉझिब कोयिंग’, लिहून ठेवा. ‘यॉझिब ताशलादी’, लिहून टाकले. ‘येब कोरिंग’, खाऊन बघा. इंग्रजीच्या आडवाटेने शिकवले, तर या पाचांसाठी पाच वेगळी स्पष्टीकरणे लागतात. मराठी मुलाला पाच वाक्ये शेजारी ठेवून दाखवली की पुरे.

जिथे जुळणी तुटते तिथे मात्र लगेच खूण करावी. ‘आयतिब बेरिंग’ म्हणजे ‘सांगा’, ‘कसे झाले ते सांगा’. मराठीत ‘सांगून द्या’ असे त्या अर्थाने कोणी म्हणत नाही. ‘दॉरीनी इचिब कोयिंग’ म्हणजे औषध घेऊन टाका, तिथे मराठी ‘ठेवा’ चालत नाही. आणि ‘तुरमॉक’, उभे राहणे, हे क्रियापद चालू ठेवण्याचा अर्थ देते: ‘नाफास ऑलिंग, उशलाब तुरिंग’, श्वास घ्या, धरून ठेवा. छातीच्या क्ष-किरण तपासणीत हे वाक्य रोज म्हटले जाते. ‘तुरिंग’ ऐकून विद्यार्थी रुग्णाला उभे करायला धावला, तर त्याने एकच अर्थ शिकला आहे हे समजावे.

सारखे रूप, वेगळे शब्द

आता पांढरी कार्डे. ‘ओत’ म्हणजे गवत, आग, पित्त, आणि ‘ओतमॉक’ क्रियापदाचे आज्ञार्थी रूप, पुढे जा. ‘ऑत’ म्हणजे घोडा, नाव, व्याकरणातले नाम, आणि ‘ऑतमॉक’ क्रियापदाचे आज्ञार्थी रूप, फेक. ‘युझ’ म्हणजे चेहरा आणि शंभर. ‘बेल’ म्हणजे कंबर आणि फावडे. वैद्यकीय विद्यार्थ्याला ‘ओत पुफागी’ (पित्ताशय), ‘ओत तॉशी’ (पित्ताशयातला खडा) आणि ‘बेल ऑग्रिगी’ (कंबरदुखी) लागणारच आहेत.

या शब्दांची उझबेक साहित्यात मोठी परंपरा आहे. १४९९ मध्ये कवी अलीशेर नवाईने ‘मुहाकमात-उल-लुगतैन’ या ग्रंथात तुर्की (इथे आजच्या उझबेकची पूर्वज भाषा) आणि फारसीची तुलना करताना एका रूपात अनेक अर्थ वाहणारे शब्द हे तुर्कीचे सामर्थ्य म्हणून मांडले. ‘तुयुक’ हा चार ओळींचा काव्यप्रकार तर अशाच शब्दांच्या यमकावर उभा असतो. बाबरानेही तुयुक लिहिले आहेत. या परंपरेच्या अभिमानापोटी अनेक शिक्षक ‘ओत’चे सगळे अर्थ एकाच तासात, एकाच वाक्यात गुंफून देतात. मातृभाषेच्या वर्गात ते सुंदर आहे. परक्या शिकणाऱ्यासाठी ते घातक आहे, कारण चारही अर्थ एकाच वेळी नवे असतात आणि एकमेकांत अडकतात. थॉमस टिंकहॅम यांच्या १९९३ च्या प्रयोगांत अर्थाने जवळचे नवे शब्द एकत्र शिकवल्यास ते शिकायला जास्त वेळ लागतो असे दिसले. रूपाने एकच असलेल्या शब्दांबाबत वर्गातला अनुभव याच दिशेचा आहे. म्हणून पित्त आधी, ‘ओत पुफागी’ या जोडशब्दातच. ते पक्के झाल्यावर, किमान दोन आठवड्यांनी, गवत. आग त्यानंतर. तुयुक सहाव्या आठवड्यात वाचायला द्यावा, तेव्हा त्याचा आनंदही मिळतो.

‘ओत’ आणि ‘ऑत’ यांचा गोंधळ बहुतांशी लिपीतून येतो. १९९३ च्या कायद्याने उझबेकसाठी लॅटिन लिपी आली, आणि १९९५ च्या दुरुस्तीपासून तिच्यात ‘ओ’ दाखवायला अक्षरापुढे उलट्या स्वल्पविरामासारखी खूण लागते. फोनवर लिहिताना लोक ती गाळतात किंवा कळफलकावरचे साधे अवतरणचिन्ह टाकतात, आणि कोशातला शोध रिकामा परततो. सिरिलिकमध्ये, म्हणजे रशियनच्या वळणाच्या आधीच्या लिपीत, या दोन स्वरांना दोन वेगळी अक्षरे आहेत. जुन्या पाट्या आणि वयस्क रुग्णांच्या चिठ्ठ्या अजून सिरिलिकमध्ये भेटतात, त्यामुळे ही दोन अक्षरे भारतीय विद्यार्थ्यांना पहिल्याच आठवड्यात दाखवावीत.

कोश वाचायलाही शिकवावे लागते. २००६ ते २००८ दरम्यान निघालेल्या पाच खंडी उझबेक कोशात सारख्या रूपाचे वेगळे शब्द रोमन अंकांनी दाखवले आहेत आणि एकाच शब्दाचे अर्थ साध्या अंकांनी. एवढे कळले की पांढरी कार्डे कोणती, हे विद्यार्थी स्वतः ओळखतो. इंग्रजी वर्गासाठी केंब्रिजच्या ‘इंग्लिश व्होकॅब्युलरी प्रोफाइल’चा उपयोग करावा, कारण तिथे पातळी शब्दाला नसून प्रत्येक अर्थाला दिलेली आहे. बी-१ च्या वर्गाला ‘हेड’चा कोणता अर्थ द्यायचा आणि कोणता पुढे ढकलायचा, हा वाद तिथे मिटतो.

काय बिघडते

पहिला बिघाड तिसऱ्या आठवड्यात दिसतो. मूळ हालचालीचे चित्र आवडलेली मुले ते ताणू लागतात आणि ‘चिकमॉक’ कुठेही वापरतात. उपाय एकच: नव्या अर्थाचा अंदाज बांधण्याची मोकळीक वाचताना आणि ऐकताना द्यावी, बोलताना मात्र कार्डावर असलेलेच वाक्य बदलून वापरावे.

दुसरा बिघाड रशियनचा. वर्गात ‘बॉसिम’ म्हणजे दाब शिकवला जातो. रुग्ण म्हणतो ‘दाव्लेनिये’. इंजेक्शनला तो ‘उकॉल’ म्हणतो. विद्यार्थ्याला वाटते आपण शिकलेला शब्दच चुकीचा होता, आणि तो ‘बॉसिम’ टाकून देतो. कार्डाच्या कोपऱ्यात रशियन शब्द बारीक अक्षरांत लिहून ठेवला की हा गोंधळ होत नाही.

तिसरा बिघाड शिक्षकाच्या हातून होतो. वीस अवयव एका तासात, प्रत्येकाचे तीन अर्थ. एका तासात तीनच नवे अर्थ द्यावेत. ‘चिकमॉक’च्या पहिल्या तासाला सहा अर्थ ऐकवले तरी कार्डावर तीनच जातात, उरलेले तीन पुढच्या तासाला.

उजळणी आणि मोजमाप

कार्डांची उजळणी दुसऱ्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि एकविसाव्या दिवशी. सातव्या दिवसाच्या उजळणीत एकाच शब्दाची कार्डे सलग येऊ देऊ नयेत. ‘तॉमिर’चे शीर, नाडी आणि मूळ असे अर्थ पाठोपाठ आले, तर विद्यार्थी मागच्या कार्डावरून पुढचे ओळखतो आणि आपल्याला सगळे येते असे समजतो.

परीक्षेत गुण शब्दाला देऊ नयेत, अर्थाला द्यावेत. निदान चाचणीतलेच शब्द, पण वाक्ये नवी. पुन्हा १२, पुन्हा दोन रकाने. त्यासोबत उलट दिशेची ८ वाक्ये: इंग्रजी वर्गाला उझबेकमधून इंग्रजीत, उझबेक वर्गाला इंग्रजीतून उझबेकमध्ये. ‘दॉरी इचिंग’ला ‘टेक’ लिहिणारा आणि ‘ड्रिंक’ लिहिणारा, दोघेही वाक्य समजलेले असतात. फरक याच भागात दिसतो.

सहा आठवड्यांनंतर साधारणपणे जे टिकते ते हिरवे आणि लाल. हिरवे आयते असते, लालवर सगळ्यांचा घाम गाळून झालेला असतो. पिवळे पुन्हा निसटते, विशेषतः दमलेल्या संध्याकाळी, झटपट बोलताना. म्हणून पुढच्या सत्राच्या प्रत्येक तासाची पहिली ५ मिनिटे फक्त पिवळ्या कार्डांना राखून ठेवावीत, आणि ती दोन्ही वर्गांनी एकत्र बसून केली तर उत्तम. उझबेक मुलाने ‘हेवी पेशंट’ म्हटले की समोरची भारतीय मुलगी त्याला दुरुस्त करू शकते, आणि तिने ‘तॉश्मा’सोबत चुकीचे क्रियापद लावले की तो तिला.